हात हुंगायची वेळ

मी संशयी बाई आहे. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण पाठीमागे म्हणतात हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी दाराआड उभी राहून ऐकलेलं आहे. दूधवाल्याचं माप मी स्वतः पाहते. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचल्याशिवाय गोळी गिळत नाही. आणि नातवंडं शाळेतून आली की आधी त्यांचे हात धरून नाकाशी नेते, मग बाकीची चौकशी. धाकटा तर आता दारातूनच दोन्ही हात पुढे करून येतो. "घे आजी, हुंग," म्हणतो, आणि स्वतःच खिदळतो. त्याला वाटतं, हा आमचा खेळ आहे. मी त्याला काही सांगत नाही.

म्हणून परवा आमची सून सुनंदा म्हणाली की आई, सौंसरला वास्तूच्या जेवणाला जाऊनच राहिलो तं तुमची जुनी शाळाही पाहून घेऊ, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की हिला ही शाळा आत्ताच कशी आठवली? इतक्या वर्षांत हिनं कधी विचारलं नाही. आता गुडघे गेले, काठी आली, तेव्हा बरी शाळा सुचली. पांढुर्ण्याहून बसमध्ये बसलो तरी मी तिच्याकडे तिरप्या नजरेनं पाहत होते. ती खिडकीबाहेर पाहून राहिली होती. बाहेर कपाशी फुटलेली होती आणि मध्येमध्ये संत्र्याचे बगीचे, अगदी काळेभोर हिरवे. फळ रंगावर आलं होतं. काच बंद होती तरी मला वास आला. सुनंदा म्हणाली, तिला नाही आला.

शाळा म्हणजे खरं तर मुलींचं वसतिगृह. शिकायला आम्ही गावातल्या शाळेत जात होतो, पण घडवणं सगळं वसतिगृहात. तेव्हा ते गावाच्या थोडं बाहेर होतं. कौलारू लांब बराक, पुढे ओसरी, फाटकाबाहेर चिंच, मागे विहीर आणि विहिरीच्या पलीकडे वसतिगृहाचाच छोटा बगीचा. आता गाव वाढत वाढत तिथवर येऊन पुढेही गेलंय. कौलं जाऊन पत्रे आले आहेत. आत संत्र्याची प्रतवारी चालते. एका लांबलचक पट्ट्यावरून संत्रे घरंगळत येतात, मशीन त्यांना धुतं, त्यांच्यावर मेण चढवतं, आणि लहान-मोठे वेगळे करून पेट्यांत भरतं. फळं अशी चकचकीत की हात लावावासा वाटू नये. मी एक उचलून नाकाशी नेलं. कसलाच वास नाही. तिथला मुकादम म्हणाला, मावशी, मेणामुळं टिकते, पार दिल्लीपर्यंत जाते. जात असेल. पण ज्या संत्र्याला वास नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

मशीनच्या घरघरीत मी ओसरी शोधत होते. ती सापडली. फरशी तीच होती, शहाबादी, मधोमध तडकलेली. त्या तड्याच्या अलीकडे पाय ठेवून आम्ही उभ्या राहत होतो, रांगेनं, उंचीप्रमाणे. मी नकळत पाय जुळवून उभी राहिले.

दिवस घंटेवर चालायचा. पहाटेची घंटा कडुलिंबाच्या काडीची, मग विहिरीची, मग प्रार्थनेची. एक प्रार्थना हिंदीत, एक मराठीत. मग झाडलोट, सडा, शेणाचा हात, ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. जेवताना बोलायचं नाही. पानात टाकायचं नाही. दुपारी शाळेतून आलं की टकळीवर सूतकताई. कापसाच्या पेळूचा वास कोरडा आणि थोडा तेलकट असतो, तो अजूनही मला कापूस भरलेल्या बैलबंडीमागून चालताना येतो. संध्याकाळी सगळ्यांदेखत सांगायचं की आज माझं काय चुकलं. ज्यांचं काही चुकलं नसायचं त्या पोरी काहीतरी रचून सांगायच्या. चुकलं नाही म्हणणारीवर बाईंचा जास्त डोळा असायचा.

बाई म्हणजे वसतिगृहाच्या बाई. मूळच्या नागपूरच्या, पांढरं खादीचं लुगडं, सडसडीत बांधा, आणि नाक. नाक धारदार होतं म्हणून नाही सांगत. त्या नाकाला सगळं कळायचं म्हणून सांगते. प्रार्थनेच्या आधी दिवेलागणीला आम्ही या ओसरीवर रांगेत उभ्या राहायचो, दोन्ही हात पुढे. आधी तळवे, मग पालथे. बाई स्वतःचे हात पाठीमागे बांधून एकेकीपुढे वाकायच्या आणि हुंगायच्या. हिनं शेण नीट धुतलं नाही. हिनं दौत सांडली. ही दुपारी भुईमुगाच्या वावरात गेली होती. सगळं बरोबर निघायचं. पण ती रांग होती मुळात संत्र्यासाठी. बगीच्यातल्या फळावर वसतिगृह चालायचं, त्यामुळं फळाला हात लावायचा नाही हा नियम, आणि संत्र्याचा वास असा की सोललं की दिवसभर बोटांना धरून बसतो. बाई म्हणायच्या, "तोंड खोटं बोलेल मुलींनो, हात नाही बोलणार."

आम्ही शहाण्या पोरी, आम्हीही शिकलो. फुगडी खेळून झाली की जिच्याशी खेळलो तिच्या हाताचा वास आपल्या हातावर आला का, ते हळूच पाहून घ्यायचं. वेणी घालताना मागचीची बोटं हुंगायची. माझी जोडीदारीण कुसुम नरखेडकडची, आमचं दोघींचं अंथरूण शेजारी आणि ट्रंक एकीवर एक. पण तीही माझे हात हुंगायची आणि मीही तिचे, आणि दोघींनाही ते माहीत होतं. कोणाला वाईट वाटत नव्हतं. आम्हाला वाटायचं, मैत्रिणी असंच करतात.

माझी अडचण वेगळी होती. माझ्या बाबांचाच संत्र्याचा बगीचा होता, लोधीखेड्याच्या पलीकडे. फार मोठा नाही, पण फळ असं की तोडणारे बोटं चाटायचे. बाजाराच्या दिवशी बाबा सौंसरला बंडी घेऊन येत, आणि बाजार आटोपला की मला भेटायला फाटकाशी येत. भेटायची परवानगी होती. घरचं खायला आणायची मात्र मुळीच नाही, कारण जिचं घर आणतं ती खाणार आणि जिचं आणत नाही ती पाहत बसणार. नियम चांगलाच होता. पण बाबांना कोण सांगणार. पहिल्याच खेपेला त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या गाठीतून दोन संत्रे काढले, आणि मी दोन पावलं मागे सरले.

मी म्हटलं, वास लागते. बाई हुंगते. मी बागेतला तोडला नाही, घरचा खाल्ला, असं कोण मानणार?

बाबांनी चिंचेखाली जागा पाहिली. मग खाली बसले, संत्रा सोलला, फोडीवरची पांढरी शीर न शीर काढली, बी दाबून बाहेर काढलं, आणि म्हणाले, "तू हात नको लावू वं माय. मागं धर."

मी हात पाठीमागे बांधले आणि तोंड उघडलं. एवढी थोरली, सातवीतली पोरगी मी. त्यांनी एकेक फोड माझ्या तोंडात घातली. रस ओठावरून ओघळला तर दुपट्ट्यानं पुसला. मी चिंचेचा पाला चावून मग आत गेले. त्या संध्याकाळी बाईंनी माझे हात हुंगले आणि पुढे गेल्या, आणि माझ्या पोटात केवढं तरी मोठं सुख होतं. त्यानंतर दर बाजाराला हेच. बाबा सोलायचे, मी हात मागे धरून उभी. जगात कोणी इतकं गोड काही खाल्लं असेल असं मला अजूनही वाटत नाही.

पण भीती मोठी वाईट. हात कोरडे, निर्मळ, तरीही मला वाटायचं की लागलाच असेल वास. बाबांच्या दुपट्ट्याचा लागला असेल. नुसता उडाला असेल. मग रांगेच्या आधी मी मोरीशी जाऊन भांड्यांची राख घ्यायची आणि हात घासायची. बाजाराच्या दिवशी घासायची, मग रोजच घासू लागले. थंडी पडली तशी कातडी फुटली. बोटांच्या पेरांवर बारीक रक्त यायचं. तरी घासायची.

आणि मी एवढी भीत होते त्याला कारण होतं. घरी आत्या टपून बसली होती. तिनं माझ्यासाठी गावातलंच एक घर पाहून ठेवलं होतं, आईही मान हलवत होती. एकटे बाबा अडून होते. त्यांचं म्हणणं, पोरगी सातवी होऊ द्या, मग ट्रेनिंगला जाईल, मास्तरीण होईल. ट्रेनिंगला जायचं तर बाईंची शिफारस पाहिजे, आणि शिफारशीत चारित्र्य लिहायचं असे. बाईंनी नुसतं नाक मुरडलं असतं तरी मी घरी, आणि घरी म्हणजे आत्यानं पाहिलेल्या त्या घरी. हे मला रोज रांगेत उभं राहताना आठवायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे राज्यांची वाटणी झाली. आधी आम्ही आणि नागपूर एका राज्यात होतो. मग मोठ्या माणसांनी ठरवलं की नागपूर तिकडे मुंबई राज्यात, काटोल-नरखेड तिकडे, आणि सौंसर-पांढुर्णा इकडे मध्यप्रदेशात. आमची राजधानी कुठल्या कुठे भोपाळला गेली. बोलतो आम्ही सगळे तेच, भाकरी तीच, संत्राही तोच. पण पोरींच्यात एकदम तिकडच्या आणि इकडच्या झाल्या. तिकडच्या पोरींचे बाप येऊन बाईंशी हळू आवाजात बोलून जायचे. बाई तर तिकडच्याच. त्या राहणार की जाणार, वसतिगृह चालणार की बंद पडणार, कोणी सांगत नव्हतं. विहिरीवर दोघी बोलत असल्या आणि तिसरी आली की गप्प. कुसुमनं आपली ट्रंक माझ्या ट्रंकेवरून काढून बाजूला ठेवली, झाकण उघडायला बरं पडतं म्हणून. मी मनात म्हटलं, असेल.

वसतिगृहाला मदत करणारे एक शेटजी नागपूरचे होते. दर हंगामाला बगीच्यातली पहिली पेटी त्यांच्याकडे जायची. त्या साली बाईंनी ती पेटी फारच मनावर घेतली. वाटणी झाली तरी शेटजींनी आम्हाला विसरू नये, असं काहीतरी असावं. सगळ्या पोरींना दुपारी बगीच्यात बसवलं. फळ निवडायचं, देठ बेतानं खुडायचा, खाली वाळलं गवत, वर संत्र्याचा थर, पुन्हा गवत. हवा नुसती वासानं भरून गेली होती. देठ खुडताना सालीला नख लागलं की बारीक फवारा उडायचा आणि डोळ्यांत झोंबायचा. पोरी हसत होत्या. कितीतरी दिवसांनी इकडच्या-तिकडच्या एकत्र हसत होत्या. त्या दिवशी संत्र्याला हात लावायची सरकारी परवानगीच होती म्हणा नं. पेटी भरून ओसरीवर ठेवली, वर नुसतं फळकूट टाकलं, आणि सगळ्या पाणी भरायला विहिरीवर पांगल्या.

मी मोरीशी गेले आणि राखेनं हात घासले. खरं म्हणजे त्या दिवशी त्याची काही गरज नव्हती. पण गरज कोणाला सुचते? वेळ झाली की पाय मोरीकडे वळायचे.

प्रार्थनेच्या आधी गाडीवान पेटी उचलायला आला आणि म्हणाला, बाई, हे हलकी कायची? फळकूट काढलं तर वरचा सगळा थर गायब. गवत मात्र नीट दाबून बसवलेलं. बाईंचा चेहरा मी पाहिला. रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला तो राग वाटला.

रांग लागली. बाई हुंगत आल्या. साहजिकच सगळ्यांच्या हातांना संत्र्याचा वास. पोरी निर्धास्त. माझ्यापुढे बाई वाकल्या आणि तिथंच थांबल्या. पुन्हा हुंगलं.

"सगळ्यांच्या हाताला वास आहे. तुझ्याच हाताला नाही. का?"

मी म्हटलं, धुतले. का धुतले, तर मला सांगता येईना. काय सांगू? की बाबा फोडी भरवतात, आणि त्याचा वास हाताला नाही लागत, तरी मी धुते? कुसुम माझ्या शेजारी उभी होती. ती पटकन म्हणाली, "ती तं रोजच राखेनं धुते, बाई."

"रोज?" बाई म्हणाल्या.

मला वाचवायला बोलली की बुडवायला, हे मी इतकी वर्षं घोळवते आहे. एका दिवसाची चोर होते, त्या एका शब्दानं सगळ्या हंगामाची चोर झाले. ज्याला लपवायचं असतं तोच एवढं घासून धुतो, असं बाई शांतपणे म्हणाल्या. मग प्रार्थना झाली. मीही म्हटली. शिक्षा म्हणून काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मला बगीच्यात पाठवणं बंद, स्वयंपाकघरात गुळाच्या डब्याला हात लावणं बंद. फुगडीसाठी कोणी हात देईना. बाईंनी बाबांना निरोप धाडला, की बाजाराच्या दिवशी आत येऊन भेटा. तो बाजार येईपर्यंत मी रोज आत्याचा चेहरा डोळ्यापुढे आणत होते, आणि तो फार समाधानी दिसत होता.

बाबा आले. फाटकाच्या आत ते पहिल्यांदाच आले होते. वहाणा पायरीखाली काढल्या आणि ओसरीच्या कडेला उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पोरी टकळ्या घेऊन बसल्या होत्या, पण एकीचीही टकळी फिरत नव्हती. बाईंनी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, मला तिची शिफारस लिहायची आहे, खोटं कसं लिहू? मग माझ्याकडे बोट केलं. "तुम्हीच हुंगून पाहा तिचे हात. आजही राखेचाच वास येईल. जिनं काही केलं नाही, ती मुलगी एवढं कशाला धुवेल?"

बाबा माझ्यापुढे आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. चोर म्हटलं ते मी सोसलं होतं, घरी नेतील तेही सोसलं असतं. पण बाबा आता हे हात नाकाशी नेतील, हे मला सोसणार नव्हतं. सगळ्यांनी हुंगले होते. कुसुमनं हुंगले होते. एक बाबाच तेवढे राहिले होते.

त्यांनी हात उलटे केले. पेरांवरच्या भेगा पाहिल्या. एका भेगेवरून अंगठा हळूच फिरवला. मग माझे हात माझ्या पाठीमागे नेऊन ठेवले, बाजाराच्या दिवशी मी धरत होते तसे. आणि स्वतःचे दोन्ही पंजे बाईंपुढे केले.

"हुंगाचेच असन तं माह्ये हुंगा, बाई," ते म्हणाले. "इनं संत्रे खाल्ले. दर बाजाराले खाल्ले. घरचे, माह्या हातानं. इचा हात नाही लागला कधी. बगीचातली पोरगी आहे, अन् संत्र्याले भेते. हे भेव इले घरून नाही आलं."

बाईंनी ते हात हुंगले नाहीत. परक्या पुरुषाचे हात त्या कशा हुंगणार? त्या बघत राहिल्या. बाबांचे हात काळे, नखांत बगीच्याची माती, आणि वास एवढा की मला दोन हातांवरून येत होता. एक पोरगी फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. मग बाई म्हणाल्या की घरचं खाणं हाही नियमभंगच आहे, आणि पुढे असं होता कामा नये. बाबा म्हणाले, नाही होणार. आणि शिफारशीचं? बाई म्हणाल्या, "पाहू."

बाबांनी वहाणा घातल्या आणि गेले. दुपट्ट्याला गाठ होती. त्या दिवशी ती सुटली नाही.

शब्दाचे पक्के होते. त्यानंतर दर बाजाराला आले, चिंचेखाली बसले, दुपट्टा रिकामा. विहिरीला पाणी किती, गाय व्याली, असं बोलायचे. मी हात पुढे घेऊन बसायची, ते मागे धरायचं काही कारण उरलं नव्हतं. तो हंगाम गेला, मी मोठी झाले, आणि बापानं फोड भरवावी हे वय निघून गेलं. त्यांनी मला पुन्हा कधी भरवलं नाही. हे मला तेव्हा फार लागलं नाही. आता लागतं.

त्या घटनेनंतर एक-दोन दिवसांत मोरीशी, राखेच्या घमेल्याशेजारी, मोहाच्या तेलाची वाटी ठेवलेली दिसली. फुटलेल्या हातांना आमच्याकडे तेच लावतात. कोणी ठेवली कळलं नाही. माझ्यासाठीच होती की कोणाची विसरलेली, तेही नाही. मी आधी वास घेऊन पाहिला, मग लावलं. दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा भरलेली होती. रांगेत बाई माझ्यापुढे वाकल्या, त्यांना मोहाचं तेल कळलं नसेल असं होणारच नाही, पण बोलल्या नाहीत. मला वाटतं, त्यांनीच ठेवली. आणि मला असंही वाटतं की वरचा थर त्यांनीच काढून कुठं दुसरीकडे धाडला असेल. दोन्ही एकदम वाटतं. गाडीवानावरही माझा संशय आहे. मागच्या लिंबावर वांदरं होती, त्यांच्यावर कमी, कारण वांदर गवत नीट दाबून ठेवत नाही.

आणि कुसुम. थंडी संपायच्या आत तिचे वडील तिला न्यायला आले. आता तिचं राज्य वेगळं, शाळा वेगळी, तिथंच शिकेल म्हणाले. तिची ट्रंक बंडीत चढवली. ती मागच्या बाजूला पाय सोडून बसली आणि बंडी हलली. मी फाटकाशी उभी होते. बंडी वळणावर गेली तेव्हा तिनं आपले दोन्ही हात नाकाशी नेले, हुंगल्यासारखं केलं आणि माझ्याकडे पाहून हसली. चिडवत होती? की सांगत होती? मी तेव्हाच धावत जाऊन विचारायला पाहिजे होतं. बंडी काही फार जोरात जात नव्हती.

शेवटी शिफारस मिळाली. बाकीच्या पोरींचं चारित्र्य 'उत्तम' होतं. माझं 'समाधानकारक'. तेवढ्यावर मला ट्रेनिंगला घेतलं, मी मास्तरीण झाले, आत्याचं तोंड बंद झालं, आणि मी पांढुर्ण्याच्या पोरापोरींना बाराखडी शिकवत म्हातारी झाले. पण तो शब्द मला अजून टोचतो. समाधान कोणाचं झालं होतं? बाईंचं झालं असेल तर उत्तम का नाही लिहिलं? आणि नसेल झालं तर एवढं तरी का लिहिलं? बाई पुढे नागपूरला परत गेल्या, असं ऐकलं. विचारायचं राहूनच गेलं.

"आई, उभ्याउभ्या काय पाहून राहिल्या एवढं?" सुनंदानं विचारलं तेव्हा मी त्या तड्याशीच उभी होते आणि मशीनची घरघर चालूच होती. मी म्हटलं, काही नाही, चाल. तिनं माझी काठी आणि पिशवी स्वतःच घेतली आणि मला दंडाला धरून फाटकापर्यंत आणलं. चिंच कुठं होती ते मला दाखवता येईना. तिथं रस्ता झालाय आणि कडेला एक बाई पोत्यावर संत्र्याचा ढीग मांडून बसली होती. गावठी, ओबडधोबड, कुठं हिरवे, कुठं पिवळे, बिनमेणाचे. मी भाव विचारला, तिच्या काट्याकडे नीट पाहिलं, आणि आंबट निघाले तर परत आणीन म्हणून बजावलं. ती म्हणाली, खाऊन तं पाहा आजी.

सुनंदा तिथंच दगडावर टेकली. तिनं एक संत्रा घेतला, अंगठा रोवला, आणि तो फवारा उडाला. माझ्या डोळ्यांत झोंबलं. ती सावकाश सोलत होती, फोडीवरच्या शिरा काढत होती. माझ्या दातांचं तिला माहीत आहे, म्हणून बीसुद्धा दाबून काढलं. इतक्या वर्षांत ती हे असंच करत आली असेल, माझं कधी लक्ष नव्हतं. मी हिच्या मनात काय आहे तेच जोखत बसले होते.

तिनं फोड पुढे केली. "घ्या, आई."

मला घेता येईना. माझे हात पाठीमागे गेले होते. आपोआप, एकात एक घट्ट. मी भर रस्त्यावर, पांढऱ्या केसांनिशी, सौंसरच्या उन्हात तोंड उघडून उभी होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते फवाऱ्याचं नव्हतं.

सुनंदानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग फोड माझ्या तोंडात घातली आणि ओठावरचा रस पदरानं पुसला.

"हात कायले मागं धरले, आई?" तिनं हळूच विचारलं.

"वास लागते," मी म्हटलं.

तिनं दुसरी फोड सोलली आणि माझ्या तोंडाजवळ आणली.